तीन फुल्यांची फाईल

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी कपाट उघडलं तेव्हा लाल, निळी आणि पिवळी फाईल जागच्या जागी होती. हिरवी नव्हती.

कपाट 'वाफसा'च्या ऑफिसातलं. ऑफिस म्हणजे गंगाखेडला चारठाणकरांच्या घरामागची पत्र्याची खोली. अनंतराव चारठाणकरांनी इथूनच 'वाफसा' हे त्रैमासिक चाळीसच्या वर वर्षं चालवलं. कोपऱ्यात त्यांचं जुनं छपाईचं मशीन अजून उभं आहे, चादर पांघरून. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं, सारंगनं, अंक बंद पडू दिला नाही. यंदा साठावं वर्ष, म्हणून साठ वर्षांतल्या निवडक कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं आणि निवडीला मला बसवलं. मी श्रीराम. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हातातलं लाल पेन काही सुटलेलं नाही. त्या पेनानं काय घोळ घातला ते पुढं येईलच.

हिरव्या फाईलमध्ये एकाच कवीच्या एकेचाळीस कविता होत्या. कवी कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या कवितेखाली नावाऐवजी तीन फुल्या छापलेल्या असायच्या, बस्स. आपल्याकडं शिवी छापताना फुल्या घालतात. इथं कवीच फुल्यांत गेला होता. १९७४च्या एका अंकात तो पहिल्यांदा दिसला आणि १९९६ नंतर कायमचा गायब झाला. खरं सांगायचं तर साठ वर्षांत त्याच्या तोडीचं दुसऱ्या कुणी लिहिलं नव्हतं. त्या एकेचाळीस कविता काढल्या, तर उरलेलं पुस्तक मी व्याह्यांनासुद्धा वाचायला दिलं नसतं.

त्यातल्या निम्म्या अंकांच्या प्रती ऑफिसातही नव्हत्या. चारठाण्यापासून पूर्णेपर्यंत जुन्या वर्गणीदारांच्या ओट्यावर बसून मी त्या हातानं उतरवून आणल्या होत्या. तीन महिने गेले होते त्यात.

सारंग आला, कपाटाकडं बघून मटकन खुर्चीत बसला. "सर, सोमवारी सगळा मजकूर परभणीला प्रेसमध्ये द्यायचाय. आणि बाबांचं नाव पहिल्यांदाच कवी म्हणून छापून येणार होतं."

हो, हे सांगायचं राहिलं. तीन फुल्या म्हणजे अनंतरावच, असं सारंगनं बुधवारी ठरवून टाकलं होतं. पुरावा काही नव्हता. संपादकाशिवाय असं निनावी कोण छापून घेईल, एवढाच त्याचा मुद्दा. मीही मान डोलावली होती.

मी कपाटाचं कुलूप पाहिलं. ते तुटलेलं नव्हतं. ज्यानं फाईल नेली, त्यानं कुलूप नीट पुन्हा लावून ठेवलं होतं.

२

मी पूर्णेला अक्काला फोन केला. सुमंगला, माझी थोरली बहीण. पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात तिनं पस्तीस वर्षं हरवलेली पार्सलं शोधण्यात घालवली आणि तेवढीच वर्षं माझ्या चुका काढण्यात. दुपारच्या गाडीनं ती हजर झाली.

"श्री, पार्सल कुठं गेलं हे कधी विचारायचं नसतं," पिशवी खाली ठेवता ठेवताच तिनं सुरुवात केली. "ते कुणाला पाहिजे होतं, हे विचारायचं. किल्ली कुठं असती?"

"मशीनच्या मागच्या खिळ्याला. खोलीच्या दाराला नुसती कडी."

"आणि हे कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"सगळ्यांना."

"शाब्बास. मग कुलूप कशाला लावता, शोभेला?"

गुरुवारी ऑफिसात आम्हा दोघांखेरीज तीन माणसं येऊन गेली होती. अक्कानं त्यांना एकेक करून गाठलं. मी मागं मागं.

पहिले दत्तराव. वय बहात्तर, नावावर नऊ कवितासंग्रह. आपल्या किती कविता घेतल्या ते मोजायला ते गुरुवारी आले होते. तीन घेतल्यात हे कळल्यावर चहा न घेता निघून गेले, आणि आमच्या दत्तरावांनी चहा सोडणं म्हणजे प्रकरण गंभीर.

"फाईल गेली? वा!" दत्तरावांनी डोळे मिटले. "फुल्यांमागचा माणूस कोण, ते काळच सांगंल. आमी आपल्या तोंडानं कशाला बोलावं?" हे वाक्य ते गेली वीस वर्षं प्रत्येक संमेलनात असंच डोळे मिटून म्हणत आलेत.

दुसरा नागनाथ बाइंडर. जुन्या खंडांचे पुठ्ठे बदलायला त्याला बोलावलं होतं. "मी पुठ्ठ्याचा माणूस, अक्का. आतलं वाचत बसलो तर काम कवा करू?" तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं.

तिसऱ्या धम्मशीलाबाई. मागच्याच गल्लीत राहतात, सत्तरीच्या असतील. छापखाना चालू होता तेव्हा त्या इथं खिळे जुळवायच्या, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ रचायच्या. तारीख नसलेले काही सुटे अंक कोणत्या सालचे ते ओळखायला मीच त्यांना बोलावलं होतं. कागद नुसता बोटांनी चाचपून त्यांनी साल सांगितलं होतं. कुठला कागद कुठून यायचा आणि कोणत्या वर्षी तुटवडा पडला होता, सगळं तोंडपाठ. जाताना मी कौतुकानं हिरवी फाईलही त्यांच्या हातात दिली होती. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "ह्याच्याखाली नाव कुणाचं टाकायलाव?" सारंग म्हणाला, "बाबांचं." त्या "बरं" म्हणाल्या आणि कपबशी विसळून गेल्या.

अक्कानं त्यांना एकच प्रश्न विचारला. "बाई, बाकी प्रत्येक कवीचा हातचा कागद अनंतराव मालकांनी तारेला अडकवून जपून ठेवलाय. फुल्यावाल्याचा एकबी कागद न्हाई. तो कविता कशा पाठवायचा? पोस्टानं, का कुणाच्या हाती?"

"ध्यानात न्हाई, ताई. लय वर्षं झाली." आणि त्या तांदूळ निवडू लागल्या.

परतताना अक्का भराभर चालत होती.

"सारंगला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"काय वाटणार? वडिलांनी आयुष्य दुसऱ्यांच्या कविता तपासण्यात घालवलं, त्यांची स्वतःची एकही नसावी, हे त्याला सहन होत नाही."

"हं. आणि तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं हात वर केला. "राहू दे. मला जुने अंक दाखव."

३

जे खंड ऑफिसात होते ते तिनं संध्याकाळभर चाळले. कविता एकही वाचली नाही. नुसतं पान उघडायची, बोट ठेवायची, पुढं जायची. मला राग आला.

"अगं, निदान ही एक तरी वाच. हिच्यावर मी आठ पानांचा लेख लिहिलाय. विद्रोहाची पाळंमुळं या विषयावर."

मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली:

डावं उजवं करून
जग माझ्या म्होरं ठिवलं.
उलट्याचं सुलट करता करता
बोटं काळी झाली.

"चांगली हाय," अक्का म्हणाली. "आता मला सांग, ही पानावर कुठं हाय?"

"तळाला."

"आणि ही?"

"तीही तळाला. लेख संपल्यावर."

"ही सात ओळींची, ही अकरा, ही चार. सगळ्या कुठल्यातरी लेखाच्या नाहीतर गोष्टीच्या शेपटाला. आणि एकीच्याबी खाली बोटभर जागा उरलेली न्हाई, एकीनंबी दुसऱ्या पानावर पाय टाकलेला न्हाई." अक्कानं चष्मा काढला. "श्री, डब्यात जेवढी जागा उरली, बरोबर तेवढंच पार्सल दर खेपेला येतं का? मी पस्तीस वर्षांत बघितलं न्हाई. ज्याला डबा समोर दिसतो, तोच असं पार्सल बांधू शकतो."

"म्हणजे अनंतरावच! पानं त्यांच्यासमोरच लागायची."

तिनं १९८३चा खंड माझ्यापुढं सरकवला. दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर चौकट होती: संपादक तीन महिन्यांपासून हैदराबादला दवाखान्यात आहेत, अंकातल्या उणिवांबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्या अंकात तीन फुल्यांच्या दोन कविता होत्या. दोन्ही तळाला, दोन्ही नेमक्या.

"आणि सारंगचे वडील २००९ला गेले," ती म्हणाली. "मग तेरा वर्षं आधीच कविता का थांबली? शहाण्णव साली इथं काय झालं, तेवढं आठव."

मला काही आठवलं नाही. शनिवारी सकाळी आम्ही ऑफिस उघडलं, तर मशीनवरच्या चादरीवर हिरवी फाईल ठेवलेली होती.

४

फाईल दोऱ्यानं बांधलेली होती. मी घाईनं दोरा ओढायला गेलो तर अक्कानं माझ्या हातावर चापट मारली.

"थांब. आधी नीट बघ."

पांढरा, जाडसर दोरा. फाईलच्या चारी कडांवरून चार-पाच वेढे, एकाला लागून एक, आणि टोक कोपऱ्याशी वेढ्यांखाली दाबून दिलेलं. गाठ नव्हतीच. तरी फाईल हलवली तर आतला कागद हलत नव्हता.

"असं पार्सल मी कधी बघितलं न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं टोक हलकेच ओढलं आणि सगळे वेढे आपोआप सुटले.

आत एकेचाळीसच्या एकेचाळीस कविता होत्या. आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा.

आता माझ्या लाल पेनाची गोष्ट. उतरवून घेताना मी त्या कवितांवर थोडा हात फिरवला होता. म्हटलं, पुस्तक पुण्यापर्यंत जाईल, भाषा जरा बरी दिसू दे. 'म्होरं ठिवलं'चं मी 'समोर ठेविले' केलं होतं. 'उलट्याचं सुलट'चं 'विपरीताचे सरळ'. त्या वेळी मला ते फार सुरेख वाटलं होतं. पेन्सिलीनं माझा प्रत्येक शब्द खोडून मूळचा शब्द समासात लिहिला होता, प्रुफं तपासतात तशा नेमक्या खुणांनी. मला लाज वाटली. मला वाटलं होतं मी कवितेला नवे कपडे शिवले. खरं तर तिच्या अंगावरचे काढून घेतले होते.

आणि त्या चार ओळींखाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. कुठल्याच अंकात कधीही न छापलेल्या:

पुसू नका इतक्यात,
त्यात माझं नाव हाय.

सारंगनं ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. हे अक्षर त्याच्या वडिलांचं नव्हतं, असूही शकत नव्हतं. "सर, म्हणजे कवी जिवंत आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला, पण त्यात निम्मा आनंद होता हे मी शपथेवर सांगतो.

"जिवंत हाय आणि गावातच हाय," अक्का म्हणाली. "ज्यानं फाईल नेली, तोच कवी. दुसऱ्या कुणाला ह्या दोन ओळी कशा ठाऊक असणार?"

हे वाक्य बोलताना दाराशी दत्तराव उभे होते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आत आले, शाल सारखी केली, डोळे मिटले.

"आता लपवण्यात अर्थ न्हाई," ते म्हणाले. "फाईल मीच नेली होती."

५

अक्का त्यांना "लय बरं झालं," एवढंच म्हणाली, आणि रविवारी दहाला सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. दत्तराव नवा सदरा घालून आले. नागनाथ आला. धम्मशीलाबाई आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर बसल्या.

मला वाटलं, अक्का आता भाषण करणार. तिनं जुन्या अंकांचे चार गठ्ठे टेबलावर मांडले आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं.

"हे अंक परभणीला प्रेसमध्ये पाठवायचेत. कागद ताडून बघायला. माझं मनगट दुखायलंय, एकेक गठ्ठा तेवढा बांधून द्या."

सारंगनं आधी रबरबँड शोधलं, मग दोरा कसाबसा गुंडाळला. नागनाथनं आडवा-उभा दोरा घेऊन करकचून दुहेरी गाठ मारली आणि उरलेला दातानं तोडला. दत्तरावांनी बुटाच्या नाडीसारखं फूल बांधलं, आणि तेही सुटलं.

धम्मशीलाबाई उठल्या. गठ्ठा उभा करून त्यांनी चारी कडा तळहातानं ठोकून सारख्या केल्या. दोरा कडेनं फिरवला, चार वेढे, एकाला लागून एक. मग नखानं टोक कोपऱ्याशी आत दाबलं. गाठ मारली नाही. हे सगळं त्यांनी खिडकीबाहेर बघत केलं.

अक्का म्हणाली, "बाई, गाठ का न्हाई मारली?"

"गाठ वर येती, ताई. खिळ्यांचं पान बांधताना गाठ ठिवली तर मशीनवर पान सरळ बसत न्हाई. बावीस वर्षं असंच..." आणि त्या थांबल्या. त्यांनी गठ्ठ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं.

"चौऱ्याहत्तर ते शहाण्णव," अक्का हळूच म्हणाली. "शहाण्णवला इथले खिळे मोडीत गेले, अंक बाहेर छापायला जायला लागला, आणि कविता थांबली. हातचा कागद सापडत न्हाई, कारण कागद नव्हताच. तुमी थेट खिळ्यांतच लिहायचा. नावाच्या जागी फुल्या, कारण फुल्या तुमच्या हाताशी खिळ्यांच्या खणातच होत्या. खिळ्यांवरची उलटी अक्षरं सुलट करता करता बोटं काळी व्हायची, ती तुमची. आमच्या श्रीनं त्याच्यावर आठ पानं लिहिली हायत."

माझे कान तापले. दत्तरावांनी शालीचं टोक चाचपलं. "म्हणजे... मी आपलं कवीच्या भल्यासाठीच..." ते पुटपुटले, आणि बाई त्यांच्याकडं बघून पहिल्यांदा हसल्या.

"चोरी नव्हती करायची मला," त्या सांगू लागल्या. "एकोणीस वर्षांची होते मी, पयल्यांदा पान रिकामं राहिलं तवा. मालक म्हनले, खाली कायतरी टाका, पान उघडं दिसायलंय. माझ्या मनात होतं ते टाकलं. आमच्या वस्तीतल्या पोरीचं नाव बघून लोक काय म्हनतील, मालक काय म्हनतील, म्हनून फुल्या. मालकानं प्रूफ वाचलं. इचारलं न्हाई काही. पुढच्या अंकाला पुन्हा जागा राहिली."

"बाबांना ठाऊक होतं?" सारंगनं विचारलं.

"ते कवाच बोलले न्हाईत, मी कवाच सांगितलं न्हाई. पर पान भरायला त्यांनी दुसरं कायबी कधी दिलं न्हाई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुवारी ऐकलं, नाव मालकाचं पडायलंय. म्हनलं, पडू दे, त्यांच्याच पानावर वाढले मी. पर सर, त्या शब्दांना तुमी इस्त्री केलेली मला बघवना. रात उलटली पर झोप लागंना. म्हनून नेली. दुरुस्ती केली, आणि सोमवारच्या आत आणून ठिवली. काम अडायला नको."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो?

सारंग उठून खिडकीपाशी गेला. त्याला लागलं होतं, दिसत होतं. अक्का त्याच्याजवळ गेली. "तुझ्या वडलांनी बावीस वर्षं जागा सोडली, बाबा. ते काम लहान न्हाई. आणि बावीस वर्षांत नाव मात्र एकदाबी इचारलं न्हाई. हे दोन्ही खरं हाय. जे राहिलं, ते तू कर."

सारंग परत आला, टेबलावरून पेन उचललं आणि पहिल्या कवितेखालच्या तीन फुल्या स्वतःच्या हातानं खोडल्या. "बाई, नाव पूर्ण कसं लिहायचं, सांगा."

त्यांनी सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सांगताना त्यांनी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते, तळवे वर करून, जणू बोटं अजून काळी आहेत.

६

सोमवारी मी परभणीला प्रेसमध्ये बसून होतो. दुपारी तिथल्या मुलीनं संगणकावर सगळी पानं लावली आणि म्हणाली, "सर, शेवटच्या पानावर खाली जागा उरलीय. चित्र टाकू का एखादं?"

मी "थांब" म्हणालो आणि गंगाखेडला फोन लावला. धम्मशीलाबाईंनी उचलला.

"बाई, शेवटचं पान रिकामं राहतंय."

एकोणतीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"किती ओळींची जागा हाय, सर?" त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडं पाहिलं. आठ ओळी बसल्या असत्या, ओढूनताणून नऊ. लाल पेन खिशात होतं, ते मी खिशातच राहू दिलं.

"जागा मोजायची न्हाई, बाई," मी म्हणालो. "तुमी लिहा. पानं आमी वाढवू."